लाल शाईचा शेरा

“एकदा सांगितलं ना, ती लिहिणार नाही! आता परत विचारलंत तर हा डबाच गॅलरीतून खाली फेकीन.”

खडूचा डबा बकुळानं पाठीमागे धरला होता. दारात दौलत उभा होता, हातात चिटोरं घेऊन. चाळीतल्या संयुक्त महाराष्ट्र समितीच्या शाखेचा तो चिटणीस. वय चोवीस, लग्न नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सात गाववाल्यांबरोबर राहायचा आणि गिरणी सुटली की पायाला भिंगरी लावल्यासारखा लालबागभर फिरायचा.

“वैनी, फळ्यावर पाच ओळी फक्त.”

“पाच असोत नाहीतर अर्धी. शाखेत एवढे गडी आहेत, एकालाही हात नाही?”

“हात आहेत वैनी. अक्षर नाही.”

“मग ओरडून सांगा. घसे तर आहेत!”

शेजारच्या खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं. दौलतही हसला असता, पण बकुळाचं तोंड बघून त्यानं हसू गिळलं. त्यानं आत गंगाधरकडे बघितलं. गंगाधर सदऱ्याची बटणं लावत होता. सभेच्या तयारीला त्याला दौलतबरोबरच निघायचं होतं.

“अगो, एवढं काय तापतेस?” गंगाधर म्हणाला. “परवा मैदानात सभा आहे. निवडणूक महिन्यावर आलीय. पोरीचं अक्षर बघायला बाजूच्या चाळीतली माणसं येतात. मोठमोठे पुढारी विचारून गेले, कुणाची मुलगी म्हणून.”

“पुढाऱ्यांनी टाके विचारले का?”

गंगाधर पुन्हा बटणांकडे वळला. खिडकीखाली त्यांची मुलगी अंबिका बसली होती. दहा वर्षांची, चौथीतली. तिच्या हनुवटीवर पांढरी पट्टी होती. आदल्या संध्याकाळी चाळीच्या दरवाज्यातल्या फळ्यासमोर, स्टुलावर उभ्या उभ्या, हातात खडू असतानाच तिचा डोळा लागला होता आणि ती तोंडावर पडली होती. इस्पितळात दोन टाके घातले. डॉक्टरनं विचारलं होतं, पोरगी झोपते का नीट? गंगाधरनं ‘हो’ म्हटलं होतं.

“आई, मी लिहिते,” अंबिका म्हणाली.

“तू गप.”

“पण कालची शेवटची ओळ अर्धीच राहिलीय. दौलतकाकांनी पुरी केलीय, ती माझ्यासारखी नाही झाली. सगळे येता-जाता बघतात. मी ती पुसून परत लिहिते, मग नवीन लिहिते.”

पोरगी उठलीसुद्धा. हनुवटीला टाके, डोळ्यांखाली काळं, आणि तिला डाचत काय होतं, तर दौलतनं पुरी केलेली वाकडी ओळ. बकुळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“खाली बस!”

कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली सासू, मीराबाई, सुपातून मान वर न करता म्हणाली, “चेडवाक एवढा शिकवून काय करूचा हा? चौथी झाली की माझ्यावांगडा गावाक धाडा. थय फळो नाय आणि शाई नाय.”

“आये, तू आता मध्ये पडू नको,” गंगाधर म्हणाला.

“मी खय पडतंय? पडला ता चेडू.”

दौलतनं चिटोऱ्याची घडी केली आणि गंगाधर त्याच्या मागोमाग जिना उतरून गेला. जाता जाता म्हणाला, “डोकं थंड कर जरा. आल्यावर बोलू.” तो आल्यावर कधी बोलत नसे. आल्यावर तो जेवत असे.

बकुळा देवगडच्या बाजूची. सोळाव्या वर्षी लग्न होऊन लालबागला आली आणि एकोणिसाव्या वर्षी गिरणीच्या वाइंडिंग खात्यात लागली. त्याला आता तेरा वर्षं झाली होती. खात्यात सगळ्या बायकाच. समोर फिरणाऱ्या रिळांची ओळ, आणि काम एवढंच की धागा तुटला की दोन टोकं धरायची, गाठ मारायची, सोडून द्यायचा. बकुळाची बोटं अशी चालत की खात्याची नाईकीण सुभद्रा नव्या पोरींना तिच्याजवळ उभी करायची आणि म्हणायची, “बघा, शिका.” घरातही बकुळा तशीच होती. तिच्या खोलीतली भांडी पालथी घातली तरी एका ओळीत असत.

अक्षर मात्र तिला एकही येत नव्हतं. गावात शाळा होती, पण ती भावांसाठी. मुंबईत तिचं काही अडलं नव्हतं. गिरण्या ती भोंग्यावरून ओळखी. आपल्या गिरणीचा भोंगा जाडा, शेजारच्या गिरणीचा किरटा. चाळीत तळमजल्यावर बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग चालायचा. तिथल्या बाई दोनदा वर येऊन तिला बोलावून गेल्या होत्या. दोन्ही वेळा बकुळा म्हणाली होती, “माझी मुलगी शिकतेय, तेवढं पुरे.”

आणि मुलगी शिकतेय की नाही, हे ती बघत असे. रोज बघत असे. अंबिका पहिलीत गेली त्या दिवसापासूनचा हा नेम. देवाजवळ दिवा लावला की अंबिकानं वही आणायची. बकुळा पदराला हात पुसायची, भिंतीला टेकून बसायची आणि एकेक पान उलटायची. वाचता येत नाही म्हणून पोरगी आपल्याला फसवेल, असं कुणी समजू नये, हा तिचा हट्ट. पण वाचता येत नाही तो वहीत काय बघणार? ती जे बघायला शिकली होती तेच बघायची. स्वच्छ आहे की घाण.

“हे काळं काय पडलं?”

“शाई सांडली, आई.”

“का सांडली? हे काय, खोडलंस कशाला?”

“चुकलं होतं.”

“चुकायचंच कशाला?”

एवढंच. ती कधी मारायची नाही. डाग नसलेलं पान आलं की बोटानं ते पान हलकेच दाबून बघायची आणि शेजारच्या बायकांना दाखवायची. “बघा, आहे कुठे डाग?” त्यांच्यातल्याही कुणाला वाचता येत नव्हतं. सगळ्या वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, “नाय गो, एकदम सोजळ.”

असा तीन वर्षांत अंबिकाचा हात बनला. टाकानं ती असं लिहायला लागली की जणू छापलंय. मग दौलतनं ते बघितलं, गंगाधरनं मिरवलं, आणि गेल्या दिवाळीपासून चाळीचा फळा तिच्याकडे आला. फळ्यावर एक अक्षर मनासारखं आलं नाही की ती अख्खी ओळ पुसायची. लोक कौतुकानं उभे राहायचे. घरी आली की गृहपाठाचं एक पान लिहायला तिला दोन तास लागायचे. शेवटच्या ओळीवर शाईचा ठिपका पडला की पान टराटरा फाडायची आणि पहिल्यापासून. जेवताना घास तोंडात धरून पेंगायची. सकाळी पोटात दुखायचं. मधल्या बोटाला टाकाचा घट्टा पडला होता, तो सोलून सोलून लाल झाला होता. सासू म्हणायची, दृष्ट लागली. गंगाधर म्हणायचा, हुशार मुलं अशीच असतात. बकुळा म्हणायची, बाई फार अभ्यास देते.

त्या दिवशी दोघे गेल्यावर बकुळा खडूचा डबा लपवायला कोळशाच्या पोत्यामागे वाकली. दौलतला सापडू नये, पोरीलाही सापडू नये. तिथं हात घातला तर हाताला कागद लागले. गठ्ठाच होता. वहीची फाडलेली पानं, कडेला कड लावून, दोऱ्यानं बांधलेली. पोरगी टाकायचे कागदसुद्धा नीट लावून ठेवत होती.

बकुळानं दोरा सोडला. एकेक पान उजेडाला धरलं. कुठं कोपऱ्यात मोहरीएवढा ठिपका. कुठं एक शब्द खोडलेला. बाकी सगळं पान मोत्यांसारखं. आणि मधल्या चार पानांवर, खाली, लाल शाईत तीन-तीन, चार-चार ओळी.

लाल शाई बकुळाला माहीत होती. पहिल्यांदा वहीत लाल आलं ते दिवाळीनंतर. तेव्हा ती म्हणाली होती, “तुझ्या वहीत लाल? लाल आलंच कसं?” आणि त्या रात्री तिला स्वतःला जेवण गेलं नव्हतं. त्यानंतर वहीत लाल कधी दिसलं नव्हतं. ते इथं, कोळशामागे येत होतं तर.

“अंबे, इकडे ये. हे बाईंनी लिहिलंय?”

अंबिकानं गठ्ठा बघितला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“एवढ्या सोन्यासारख्या पानावर एवढं लाल? काय म्हणते ती? काय चुकतं तुझं?”

अंबिका पानाची कड बोटानं सरळ करत राहिली.

“बाई मारते तुला?”

“नाही.”

“मग काय लिहिलंय? वाच.”

पोरीनं ओठ आवळून घेतले आणि घळाघळा रडायला लागली. हनुवटीचा टाका ओढला गेला म्हणून पट्टीवर हात दाबून रडत राहिली.

“ठीक आहे,” बकुळा म्हणाली. “तू नको सांगू. उद्या मी शाळेत येते आणि तुझ्या बाईलाच विचारते.”

“आई, नको! शाळेत नको येऊ. आई, मी आता एकपण डाग नाही पाडणार!”

दुसऱ्या दिवशी खात्यात बकुळाच्या हातून सारखे धागे तुटत होते. सुभद्रा नाईकिणीनं तीनदा बघितलं, काय झालं ते काढून घेतलं आणि म्हणाली, “त्या बाईचा राग कशाला काढतेस बॉबिनवर? जा, अर्धा तास आधी जा. आणि बाईशी भांडताना खाली बसून भांड. उभ्यानं भांडलं की मास्तर लोक ऐकत नाहीत.”

शाळा दुपारची होती. बकुळा पोचली तेव्हा मुलींची खेळायची सुट्टी चालू होती आणि चित्रे बाई वर्गात एकट्याच वह्या तपासत बसल्या होत्या. त्या ठाकूरद्वारहून ट्रामनं यायच्या. पन्नाशीच्या, बारीक, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बकुळानं गठ्ठा त्यांच्या टेबलावर आपटला आणि उभ्यानंच सुरुवात केली.

“मी अंबिकाची आई. माझ्या पोरीला दोन टाके पडलेत. तुमचा अभ्यास करून करून तिची झोप उडालीय. आणि हे बघा! एवढ्याशा ठिपक्यावर तुम्ही एवढी लाल शाई ओतता? हात थरथरत नाही तुमचा?”

चित्रे बाईंनी गठ्ठा ओढून घेतला, दोन पानं उलटली आणि चष्म्यावरून बकुळाकडे बघितलं.

“ही पानं तिनं फाडली?”

“मग काय मी फाडली?”

“बसा.”

“मी बसायला आले नाही.”

“बसा हो बाई, मान दुखते माझी वर बघून. साठ मुली आहेत माझ्या वर्गात. मी रोज एक पान देते. एक. तुमची मुलगी ते तिसऱ्या दिवशी आणते. सहामाहीला गणिताच्या पेपरात तिनं दोनच गणितं सोडवली. तीच दोन तीन-तीनदा लिहिली, सुबक. बाकीचा पेपर कोरा. येतात तिला सगळी गणितं, तोंडी विचारलं की फटाफट सांगते. पण वार्षिकला असंच कोरं ठेवलं तर मी तिला पाचवीत घालू शकणार नाही. हे मी तुम्हाला चार वेळा कळवलंय.”

“कधी कळवलंत?”

“हे काय मग?” बाईंनी लाल ओळींवर बोट ठेवलं. “चार वेळा. आणि चारही वेळा खाली सही आहे.”

बकुळा बसली.

“वाचून दाखवा,” ती म्हणाली.

चित्रे बाईंनी पान पुढं ओढलं. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. त्यांनी वाचलं. “‘पालकांस विनंती. अंबिका हुशार आहे, परंतु फार थकलेली दिसते. तिला एकच पान पुन्हा पुन्हा लिहू देऊ नये. खोडलेले चालेल. लवकर झोपवावे.’ हे दिवाळीनंतरचं. हे नाताळच्या आधीचं, ‘आज वर्गात झोप लागली. कृपया भेटावे.’ हे—”

“पुरे.”

“माझं म्हणणं, तुम्ही वाचून सही करता आणि मुलीला तसंच—”

“मला वाचता येत नाही.”

चित्रे बाईंनी चष्मा काढला. “अंबिका तसं कधी म्हणाली नाही. मी तिला विचारलं होतं, पान का फाडतेस? तर म्हणाली, माझी आई रोज वही तपासते, आईला डाग चालत नाही. मला वाटलं, आई शिकलेली आहे. कडक आहे.”

खेळायची सुट्टी संपल्याची घंटा झाली. मुली आत यायला लागल्या. बकुळानं दारातून येणाऱ्या अंबिकाला बघितलं. पोरगी उंबऱ्यावरच थिजली. बकुळा उठली. गठ्ठा उचलला, वर त्या दिवशीची वही मागून घेतली आणि निघाली.

शाळेपासून चाळीपर्यंत चालताना तिच्या मनात एकच गोष्ट घण घालत होती. पोरीला लवकर झोपवा म्हणून लिहिलं होतं आणि ते बघून आपण जेवलो नाही. झोपवा म्हणून लिहिलं होतं आणि आपण म्हटलं, लाल आलंच कसं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं, पण रस्ता होता. आणि सही! सही कुणाची होती हे तिला विचारावं लागलं नव्हतं. शेवटी शेपटासारखा लांब फराटा ओढलेला. तो फराटा ती लग्न झाल्यापासून बघत होती.

फराटेवाला चाळीच्या दरवाज्यातच सापडला. फळ्याखालच्या बाकावर बसून गंगाधर पेपर वाचून दाखवत होता. भोवती सात-आठ माणसं. हा त्याचा रोजचा क्रम. सातवीपर्यंत शिकलेला, आवाज खणखणीत; सभेची बातमी तो अशी वाचायचा की ऐकणाऱ्याला सभा दिसायची. बकुळा समोर येऊन उभी राहिली तसा तो थांबला.

“काय गो? आज उशीर?”

तिनं गठ्ठ्यातलं पहिलं लाल शाईचं पान त्याच्या पेपरवर ठेवलं.

“हे वाचा.”

“काय आहे?”

“वाचा ना. मोठ्यानं. पेपर वाचता तसं.”

माणसं जरा सरकली. दौलत म्हणाला, “वैनी, वर जाऊन—”

“वर नाही. पेपर इथं वाचतात, हेपण इथंच वाचायचं.”

गंगाधरनं वाचायला सुरुवात केली. “‘पालकांस विनंती. अंबिका हुशार आहे—’” तो हसला, भोवती बघितलं. “‘परंतु फार थकलेली दिसते. तिला एकच पान...’” तिथून त्याचा आवाज पडत गेला. शेवटचे शब्द कुणालाच ऐकू आले नाहीत.

“खाली काय आहे?”

“सही.”

“कुणाची?”

गंगाधरनं पेपरची घडी घातली. “बकुळा, मला वाटलं हजेरीचं काहीतरी असेल. ती पोरगी सकाळी वही पुढं करायची, मी निघायच्या घाईत...”

“चार वेळा?”

“लक्षात नाही आलं.”

“अख्ख्या मुंबईत काय चाललंय ते तुम्ही या माणसांना रोज वाचून दाखवता. घरात चार ओळी आल्या होत्या. मी आंधळी आहे. तुम्हाला डोळे आहेत ना?”

“हे बघ,” गंगाधरही आता चिडला, चारचौघांत चिडणं त्याला भागच होतं. “मी काय गुत्त्यावर जात होतो? गेल्या साली जानेवारीत याच रस्त्यावर गोळ्या चालल्या. बाजूच्या चाळीतला पोरगा गेला, त्याला मी खांदा दिलाय. त्यांच्यासाठी जातो मी!”

“जा. कोण नको म्हणतं?” बकुळाचा आवाज आता चढला नाही, उलट खाली आला. “मोर्च्यात मीपण आले होते. महाराष्ट्र तुम्हाला पाहिजे तसा मलापण पाहिजे. पण तो पोरीच्या हनुवटीवर नको.”

ती जिना चढून गेली.

अंबिका शाळेतून आली ती चोरासारखी. दप्तर न टाकता दारातच उभी राहिली. मीराबाई शेगडीशी होती. बकुळा भिंतीला टेकून बसली होती, पुढ्यात तो गठ्ठा.

“ये इकडे. बस.”

अंबिका बसली.

“मला का नाही सांगितलंस काय लिहिलंय ते?”

“लाल दिसलं तेव्हा तू जेवली नव्हतीस,” अंबिका म्हणाली. “मी वाचून दाखवलं असतं तर तुला वाटलं असतं मी खोटं वाचते. डाग आहे म्हणून खोटं वाचते.”

बकुळाला खरंच तसं वाटलं असतं. तिनं पोरीचा हात ओढून घेतला, सोललेलं बोट बघितलं आणि सोडून दिला. मग तिला जे येत होतं ते ती बोलायला लागली.

“हे बघ, गिरणीत माझा धागा दिवसातून शंभरदा तुटतो. मी काय रीळ फेकून देते? गाठ मारते, पुढं जाते. कुणी विचारत नाही.”

“गाठ दिसत नाही, आई. डाग दिसतो.”

मीराबाई शेगडीपासून खुदकन हसली. “चेडू काय गप रवूचा नाय.”

बकुळालाही राग आला, हसूही आलं, आणि दोन्ही तिनं आत ढकललं. गाठीनं काम होणार नव्हतं. तिनं शाळेतून आणलेली वही पुढं ओढली. “आजचं पान लिही. माझ्यासमोर.”

अंबिकानं दौत काढली. टाक बुडवला, काठावर दोनदा पुसला, लिहायला लागली. खांदे कानापर्यंत चढलेले. बकुळा बघत होती. आजवर तिनं लिहिलेलं बघितलं होतं, लिहिताना कधी बघितलं नव्हतं. पोरगी श्वास रोखून लिहीत होती. ओळ संपली की श्वास सोडायची, जसं काही पाण्याबाहेर डोकं काढलं.

सातव्या ओळीवर ठिपका पडला. मोहरीएवढा. अंबिकाचा हात आपोआप पानाच्या कडेला गेला आणि थांबला. तिनं आईकडे बघितलं. बकुळानंही तो ठिपका बघितला, आणि मनात आलं ते तिला स्वतःलाच कळलं. तिला तो खुपला. आत्ताही खुपला. एवढं सगळं झाल्यावरही बोट तिकडंच जात होतं. कारण त्या पानावर तिला दिसण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. बाकीचं सगळं पान तिच्यासाठी नुसती काळी नक्षी होती.

“इथं काय लिहिलंय?” तिनं ठिपक्याच्या अलीकडं बोट ठेवलं.

“‘समुद्र.’”

“आणि इथं?”

“‘होड्या.’”

“आणि हे डागाखालचं?”

“‘कोळी.’ ‘वरळीचे कोळी पहाटे होड्या घेऊन निघतात.’”

बकुळा त्या ओळीकडं बघत राहिली. वरळीचे कोळी, होड्या, पहाट, सगळं तिथं होतं. आणि तिनं तीन वर्षं नुसते ठिपके वेचले होते.

“पुढं लिही,” ती म्हणाली. पोरगी हलेना. “लिही म्हटलं ना!” ती खेकसली, आणि अंबिकानं दचकून पुढची ओळ सुरू केली. ठिपका तिथंच राहिला. दहाव्या ओळीवर एक शब्द खोडला गेला, तोही राहिला. पोरगी रडत रडत लिहीत होती, पण लिहीत होती.

दोन ओळी राहिल्या असताना भोंगा झाला. दुसऱ्या पाळीच्या जेवणाच्या सुट्टीचा, त्यांच्याच गिरणीचा, जाडा. बकुळानं टाक तिच्या हातातून काढून घेतला.

“आई, दोनच ओळी!”

“भोंगा झाला की कुणी म्हणत नाही दोनच वार राहिले. साचे सोडतात, हात पुसतात, भाकरी खातात. दप्तर बांध.”

“अर्धं पान दाखवू बाईंना?”

“अर्धं दाखव.”

अंबिका दप्तर बांधत असतानाच गंगाधर आला. खाली बराच वेळ थांबून, राग निवला असेल अशा बेतानं आला होता. त्याच्या मागे दौलतही होता, चौकटीशी. हातात आजचं चिटोरं नव्हतं, पण तो उभा होताच.

“झालं का जेवण?” गंगाधरनं विचारलं, जसं काही खाली काही झालंच नव्हतं.

बकुळा उठली. कोपऱ्यातून खडूचा डबा आणला आणि दौलतच्या हातात दिला.

“फळा तुमचा तुम्ही लिहा. वाकडा लिहा, चालेल. लोकांना सभेची वेळ कळली म्हणजे झालं.”

“बरं, वैनी,” दौलत म्हणाला.

“आणि बाईंचं काही लिहून आलं तर?” गंगाधर म्हणाला. “मी वाचेन आता. नीट वाचेन. शप्पथ.”

“तुम्ही वाचा नाहीतर नका वाचू,” बकुळा म्हणाली. “मी तुमच्यावर नाही राहणार.”

तिनं ताटं मांडली. सासू, नवरा, पोरगी, तिघंही तिच्याकडे बघत होते. तिनं कुणाकडे बघितलं नाही. भात वाढता वाढता, मीठ मागावं तशा आवाजात ती म्हणाली,

“उद्यापासून भोंगा झाला की अंबीचा अभ्यास बंद, राहिलेला राहू दे. आणि उद्यापासून साडेसहाला मी खाली वर्गाला जाणार. रोज. भात आये लावेल, भाजी तुम्ही चिरायची.”